सरांनाच विचारा

गेल्या रविवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, मुलीला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तिथं तर आपण मागायलाच उभे असतो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माधवीला माझ्या कुठल्या दाढेत सिमेंट भरलंय तेही पाठ आहे, पण हे माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. आता सुरुवात केल्यावर तसं वाटत नाही.

मी नागोयात असतो. एकटाच. दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो, त्याला चौदा वर्षं झाली. माधवी सहा वर्षांपूर्वी तिच्या आईचं बघायला पुण्याला परत गेली. मुलगी, ऋचा, योकोहामाला नोकरी करते. मी फोनवर मराठीत विचारतो, ती जपानीत उत्तर देते — ‘दाइजोबू’. म्हणजे ठीक आहे. ते खरंच ठीक आहे का, हे पुढं कसं विचारायचं ते मला कुठल्याच भाषेत जमत नाही. शनिवारी कपडे धुतो, प्लास्टिकचा कचरा वेगळा, जळणारा वेगळा असं करतो, कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, भाताचा डबा आणतो. कोनबिनीतली मुलगी डबा गरम करू का विचारते. काही शनिवारी दिवसभरात माझ्याशी बोललेलं तेवढंच माणूस असतं.

मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटीचं काम बघतो. एखादा बोल्ट सैल निघाला की ‘का?’ असं पाच वेळा विचारायचं. का सैल निघाला, का कमी पिळला, का कुणाच्या लक्षात आलं नाही — पाचव्या ‘का’पाशी खरं कारण सापडतं, असं आमच्याकडे मानतात. दुसऱ्यांच्या चुका मी पाचव्या ‘का’पर्यंत खणून काढतो. पगारच त्याचा आहे. स्वतःच्या बाबतीत मात्र पहिलाच ‘का’ मी उचलला आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन बसवला. तीस वर्षांच्या वर तो तिथंच बसून होता.

पण हे असं कोड्यात बोलणं बरं नव्हे. सांगतो.

मी कोल्हापूरचा. बाहेरच्यांना कोल्हापूर म्हटलं की तांबडा रस्सा आणि चपला आठवतात. आमच्याकडे फुटबॉल होता. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीची टीम, टीमचा झेंडा. मॅच असली की गल्लीतली दुकानं अर्धी बंद. कोण कुठल्या पेठेचा, हे आडनावाआधी विचारायचे. मी वरच्या पेठेचा, आणि आमचं वाकडं खालच्या पेठेशी. ही खरी नावं नाहीत. खरी लिहिली तर अजूनही भांडणं होतील. वाकडं म्हणजे तसं काही नाही, दोन्हीकडे सोयरिकी होत्या, एकमेकांच्या लग्नात जेवायला जायचे. फक्त मॅचच्या दिवशी मेहुणा मेहुण्याला ओळखायचा नाही.

आमच्या कॉलेजच्या टीममध्ये दोन्ही पेठांची पोरं होती, आणि त्यांना एकत्र बांधून ठेवणारे होते इंगवले सर. सर खालच्या पेठेचे. कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत सहायक. फुटबॉल शिकवायला त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. ते आपले सायकलच्या कॅरिअरला बॉलची जाळी बांधून रोज सकाळी सहाला हजर. बोटं ॲसिडनं पिवळी पडलेली. चामड्याच्या बॉलला एरंडेल चोळायचे, म्हणून अंगाला कायम एरंडेलाचा वास. मैदानात जो बॉल पायात धरून बसेल त्याच्यावर एकच ओरड — ‘सोड!’ आणि मैदानाला पाय लावायच्या आधी हात लावायचा, हा नेम. विसरला तर एक फेरी जास्त.

इथं नागोयात नदीकाठच्या मैदानावर आम्हा पन्नाशीपुढच्यांची टीम आहे. पहिल्या दिवशी सगळे मैदानापुढे ओळीनं उभे राहून कमरेत वाकले. माझा हात आपोआप मातीला लागला. आमचे गोलकीपर ओकादा-सान यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हणालो, आमच्या गावची पद्धत आहे. कसली गावची पद्धत! एका माणसाची पद्धत होती ती. पण त्याचं नाव घ्यायचं म्हणजे — असो.

सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकूंचं माहेर वरच्या पेठेत, आमच्याच गल्लीत. त्यांचा भाऊ आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचा. त्यामुळे टीममधल्या बाकीच्या पोरांना काकू चहा द्यायच्या आणि मला चहाबरोबर पोहे. माहेरचा कावळासुद्धा बायकांना गोड लागतो म्हणतात. मी तर सेंटर फॉरवर्ड होतो. नऊ नंबरची जर्सी. बरा खेळायचो — हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. खरं तर चांगला खेळायचो.

तिसऱ्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. सेमीफायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला रिकाम्या गोलसमोर मी बॉल बाहेर मारला होता. तरी जिंकलो, म्हणून कुणी ते मनावर घेतलं नाही. मी घेतलं. फायनल शहरातल्या मोठ्या मैदानावर होती, दोन्ही पेठा येणार होत्या. आमच्या चौकातल्या फळ्यावर रंगीत खडूनं माझं नाव लिहिलेलं. हलगीवाल्याला सांगून झालेलं. दूधवाला, न्हावी, शाळेतल्या बाई, जो भेटेल तो पाठीवर थाप मारून म्हणायचा, आता फक्त तू. थापा चुकवायला मी मागच्या गल्लीनं ये-जा करायला लागलो. अन्न खाली जाईना. आरशात बघितलं तर ओठ पांढरे.

कशाची भीती होती? पाय मोडायची? नाही. समोरच्या टीममध्ये कुणी राक्षस होता? नाही. आपल्याच माणसांसमोर पुन्हा एकदा रिकामा गोल चुकेल, आणि फळ्यावरचं नाव पुसलं जाईल — एवढीच. एवढ्याशा भीतीनं माणूस किती खाली जाऊ शकतो हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

फायनलच्या दिवशी सकाळी सातला मी सरांच्या घरी गेलो. पुढच्या रस्त्यानं नाही, विहिरीमागच्या बोळातून. काकूंनी दार उघडलं. ‘आला का आमच्या पेठंचा वाघ,’ म्हणाल्या आणि पोह्यांची बशी हातात दिली. सर जमिनीवर बसून एका जर्सीचा उसवलेला नंबर शिवत होते. नऊ.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सुई थांबली. मग काकूंना म्हणाले, ‘जा, दूध घेऊन ये.’

‘दूध हाय की घरात.’

‘असू दे. आण जा.’

काकू किटली घेऊन गेल्या. दार लोटल्यावर मी म्हणालो, सर, मला नका खेळवू. पाय दुखतोय का, ताप आहे का, घरी काही झालंय का — त्यांनी एकेक विचारलं. नाही, नाही, नाही. मग मी म्हणालो, भ्या वाटतंय. आणि रडलो. एकवीस वर्षांचा घोडा, पोह्यांची बशी हातात धरून रडलो.

सर हसले नाहीत. रागावले नाहीत. ‘अरे, तू तर वाघ’ वगैरेही म्हणाले नाहीत, जे मला सगळ्यात असह्य झालं असतं. सुई जर्सीत टोचून ठेवली आणि म्हणाले, आज नको तर नको. मी म्हणालो, पायाला पट्टी बांधतो, मुरगळलाय म्हणून सांगा. ते म्हणाले, ‘ते जमायचं न्हाई. मी खोटं बोलणार न्हाई.’ मग खरं सांगणार का? मी हात जोडले, सर, कुणाला म्हणजे कुणाला सांगू नका.

‘न्हाई सांगणार. माझा निर्णय म्हणीन. तू सांगशील तवा सांग.’

शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलंसुद्धा नाही. माझी सुटका झाली होती. काकू परत येईपर्यंत मी तोंड धुऊन घेतलं. निघताना त्या म्हणाल्या, वाघा, आज दोन गोल पाहिजेत. मी मान हलवली.

मॅचबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नव्यानं शिवलेल्या नऊ नंबरात मी बाकावर बसून होतो. सुरुवातीला आमच्या पेठेला वाटलं, दुसऱ्या हाफला उतरवतील. मग माझ्या नावाच्या आरोळ्या सुरू झाल्या. मग सरांच्या नावाच्या, निराळ्या. सर हाताची घडी घालून मैदानाकडे बघत राहिले. मी बुटाची नाडी सोडली आणि बांधली, किती वेळा कोण जाणे. एका गोलनं आम्ही हरलो.

गेटपाशी पेठेतली सगळी उभी होती. तालमीचा बंडूदादा पुढं झाला आणि त्यानं मला विचारलं, काय झालं? का बसवलं तुला?

इथं मी थांबतो. तीस वर्षं मी इथंच थांबत आलोय. कारण याच्यापुढे जे झालं त्याला भीती म्हणता येत नाही. भीती सकाळी होती, मॅच संपल्यावर ती गेली होती. आता काय होतं? माझ्याकडे शंभर डोळे होते आणि त्यांत माझ्याबद्दल कीव होती, राग दुसऱ्या कुणावर तरी होता. बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं.

मी म्हणालो, ‘सरांनाच विचारा.’

बघा ना, यात एक शब्द खोटा नाही. ‘सरांना विचारा’ म्हणालो असतो तर कदाचित निभावलं असतं. मी ‘सरांनाच’ म्हणालो. तो एक ‘च’ माझा होता. तो मी ठरवून लावला, आणि लावताना मान खाली घातली. मराठी माणसाला ‘च’ समजावून सांगावा लागत नाही. मागून कुणीतरी म्हणालं — ‘पेठ बघितली मास्तरनं.’

बस्स. सर खालच्या पेठेचे, मी वरच्या पेठेचा. आणखी पुरावा कशाला हवा? वरच्या पेठेच्या पोराला पेठेसमोर चमकू द्यायचं नव्हतं, म्हणून मास्तरनं कॉलेज हरवलं. मी नाही म्हणालो नाही. मला त्यांनी खांद्यावर घेतलं. हरलेल्या मॅचनंतर, एक मिनिटही न खेळता, खांद्यावर बसून घरी गेलेला फुटबॉलपटू आमच्या शहरात मी एकटाच असेन.

दुसऱ्या दिवशी सरांच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेलं होतं, पेठ बघणारा मास्तर. आठवड्याभरात प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. सरांना विचारलं, का नाही खेळवला? सर म्हणाले, माझा निर्णय होता. कशामुळे? माझा निर्णय होता, सर. मग प्राचार्य माझ्याकडे वळले, तुला काही सांगायचंय? सरांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला आयुष्यभर बरं गेलं असतं. ते नुसते वाट बघत होते, पोरगं बॉल सोडतंय का म्हणून बघावं तसे. मी म्हणालो, नाही सर, काही नाही. प्राचार्यांनी आणखी दोनदा ‘का’ विचारलं असतं तर — नाही. असं म्हणणं म्हणजे प्राचार्यांवर ढकलणं झालं.

सरांचं मैदान गेलं. पुढच्या वर्षीपासून दुसरे कोणी आले, शिट्टी गळ्यात घालून. सर निवृत्त होईपर्यंत त्याच प्रयोगशाळेत होते. तिच्या खिडकीतून मैदान दिसायचं. घरी जायचा जवळचा रस्ता मैदानाकडेनं होता, तो त्यांनी सोडला आणि सायकल मागच्या फाटकातून काढायला लागले. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मी बघितलंय. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो आणि पेठेच्या टीमचा कप्तान झालो होतो. अन्याय झालेला खेळाडू म्हणून माझ्या चहाला कधी पैसे पडले नाहीत.

आणि काकू. ती दिवाळी आली. भाऊबीजेला काकू दरवर्षी माहेरी यायच्या, आमच्या गल्लीतून हातात ताट घेऊन जाताना दिसायच्या. त्या वर्षी त्यांचा भाऊ चौकात उभा राहून सांगत होता, ज्या मेहुण्यानं पेठेशी गद्दारी केली त्याच्या घरचं ओवाळून घ्यायचं नाही, निरोप धाडलाय. चार माणसं वा म्हणाली. मी तिथंच होतो. माझ्या तोंडात करंजी होती. ती गिळायला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात मी एक वाक्य बोललो असतो तर काकूंची भाऊबीज झाली असती. करंजी गिळली आणि घरी गेलो. तो भाऊ पुन्हा त्यांच्याकडे गेला नाही, आणि काकू पुन्हा आमच्या गल्लीत दिसल्या नाहीत. पुढे तो वारला, तेव्हाही नाही.

माझ्या लग्नाची पत्रिका मी सरांना पोस्टानं टाकली होती, येणार नाहीत या खात्रीनं. आले. एकटे. कार्यालय वरच्या पेठेत होतं, काकू कशा येणार? अक्षता टाकल्या, स्टेजवर येऊन माझा हात हातात घेतला. तोच एरंडेलाचा वास. सुखात राहा म्हणाले आणि अंमळ थांबले. एवढंच, अंमळ थांबले. मी फोटोग्राफरकडे बघून हसलो. ते न जेवता गेले.

मग पुणे, मग नागोया. समुद्र ओलांडला की गोष्टी मागं राहतात असं वाटतं. राहत नाहीत. इथं तर बोलायला कुणी नसतं, त्यामुळे त्याच त्या गोष्टी शेजारी येऊन बसतात.

दोन वर्षांपूर्वी वैशालीचा फोन आला. सरांची मुलगी. मॅच झाली तेव्हा ती दुसरी-तिसरीत असेल. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून तिनं माझा नंबर मिळवला होता. मी ऑफिसला जाताना फलाटावर उभा होतो. जपानात फलाटावर फोनवर मोठ्यानं बोलत नाहीत, म्हणून तोंडावर हात धरून बोलत होतो. ती म्हणाली, दादा, एक विचारायचं होतं, राग मानू नका. बाबा आता फार थकलेत. लहानपणापासून मी शाळेत, शेजारी, सगळीकडे ऐकत आले की त्यांनी पेठ बघितली. शेवटी परवा धीर करून त्यांनाच विचारलं, की त्या दिवशी तुम्ही का नाही खेळवलं? तर म्हणाले —

‘त्यालाच विचार.’

बघितलंत? त्यांनीही ‘च’ लावला. मी ‘सरांनाच’ म्हणालो होतो ते अंगावरचं त्यांच्यावर टाकायला. त्यांनी ‘त्यालाच’ म्हटलं ते कशासाठी? तर दिलेला शब्द मोडायचा नव्हता, म्हणून. पोटच्या मुलीसमोरसुद्धा. तू सांगशील तवा सांग.

आणि मी काय केलं? पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर पांढरे केस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मी म्हणालो, ‘वैशाली, जुनं झालं गं ते. कशाला उकरायचं? माझी ट्रेन आली, नंतर करतो.’ फोन ठेवला. समोर पाटीवर लिहिलेलं होतं, पुढची गाडी सात मिनिटांनी. ती बरोबर सात मिनिटांनी आली. तेवढा वेळ मी हातात फोन घेऊन उभा होतो. त्यानंतर मी फोन केला नाही. एकवीस वर्षांच्या पोरानं केलं ते एकवेळ समजू शकेल कुणी. हे समजण्यासारखं नाही.

सर गेल्या महिन्यात गेले. ग्रुपवर कळलं. पोरांनी — आता कसली पोरं, सगळे आजोबा — चांगलं चांगलं लिहिलं. एकानं लिहिलं, एकदा पेठ बघितली ते सोडा, माणूस सोन्यासारखा होता. त्याखाली दुसऱ्यानं माझं नाव घालून लिहिलं, पण तू मोठ्या मनाचा, सरांविरुद्ध तोंडातून कधी शब्द काढला नाहीस. त्यावर बारा जणांचे अंगठे. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. ते कुणाला उद्देशून होतं, मलाही सांगता येणार नाही.

आणि गेल्या रविवारी आम्ही इथं तीन गोलांनी हरलो. मॅच झाली की ही मंडळी बाकावर गोल करून बसतात, जवाचा थंड चहा घेतात आणि प्रत्येकजण आपली चूक सांगतो. हान्सेइकाई म्हणतात याला. दुसऱ्याची चूक काढायची नाही, फक्त आपली सांगायची. आपल्याकडे हा नियम लावला तर बैठक दोन मिनिटांत उठेल. माझी पाळी आली की मी दरवेळी सांगतो, पळण्यात कमी पडलो. माझ्या वयाकडे आणि पोटाकडे बघून कुणी पुढे विचारत नाही.

त्या दिवशी ओकादा-सान म्हणाले, तिसरा गोल माझ्यामुळे. बॉल तोंडावर येत होता, मला भीती वाटली, मी मान फिरवली. अडुसष्ट वर्षांचा माणूस. हातात चहाचा पेला, आवाज नेहमीचाच. बाकीच्यांनी माना हलवल्या आणि पाळी पुढच्याकडे गेली. कुणी हसलं नाही, कुणाला काही विशेष वाटलं नाही. भीती वाटली, मान फिरवली. इतकं छोटं वाक्य होतं ते.

माझी पाळी आली. मी म्हणालो, पळण्यात कमी पडलो.

घरी आलो, अंघोळ केली नाही. चिखलाच्या मोज्यांनीच जिन्याच्या पायरीवर बसून वैशालीला फोन लावला. इथं साडेचार, तिकडे एक वाजला असणार. ती सरांच्या घरीच होती, आवरायला आलेली. मागं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी सर्दीचं निमित्त करून दोनदा खाकरलो आणि मग सांगायला लागलो. बोळातून आलो इथपासून सगळं. नऊ नंबर, पोह्यांची बशी, हात जोडले ते, गेटपाशी काय म्हणालो ते, चौकातली करंजीसुद्धा. पाच मिनिटं लागली असतील. तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट पाच मिनिटांत संपली. त्यात माझ्या बाजूचं असं काहीच निघालं नाही.

तिनं एकच विचारलं.

‘तेव्हा आई कुठं होती?’

मी म्हणालो, सरांनी त्यांना दूध आणायला पाठवलं होतं. मी सांगेन ते त्यांच्या कानावर जाऊ नये, माझी लाज राहावी म्हणून.

मागच्या शिट्ट्या थांबल्या. कुणीतरी कुकर बंद केला असावा. मग ती बोलली. रडत नव्हती. आवाज अगदी साधा होता.

‘आई सारखी म्हणायची, त्या दिवशी घरात दूध होतं. तरी ह्यांनी मला बाहेर धाडलं. तिला वाटायचं, तिच्या माहेरच्या पोराला बसवायचं बाबांनी आधीच ठरवलं होतं आणि ते तिच्यासमोर सांगायची त्यांना लाज वाटली. बाबांशी ती नीट बोलायचीच नाही, दादा. जेवायला वाढायची, बोलायची नाही. चार वर्षं झाली तिला जाऊन. शेवटपर्यंत तिला तेच वाटत होतं.’

ठेवते, म्हणाली, आणि फोन ठेवला.

ग्रुपवर घालायच्या तीन ओळी मी लिहून ठेवल्यात. तिथं लांबलचक कुणी वाचत नाही. सरांनी पेठ बघितली नाही. मीच खेळायला नको म्हणालो होतो. सरांनाच विचारा, हे मी मुद्दाम म्हणालो होतो. हे लिहून झालं की त्या पाठवणार आहे. ते बारा अंगठे मला परत करता येत नाहीत, ते तिथंच राहतील.

काकूंना आता कोण सांगणार? घरात दूध होतं, हे त्या बरोबर म्हणायच्या. मी ऐकलं होतं. मी तिथंच उभा होतो, त्यांनी दिलेली बशी हातात घेऊन.